खुला तुरुंग आणि बंद गाव



या व्यासपीठावर आजवर ज्यांची व्याख्याने झाली, त्यांची यादी चालकांनी मला दाखविली. त्यांत प्राध्यापक आहेत, वकील आहेत, संतवाङ्मयाचे अभ्यासक आहेत. त्या यादीच्या शेवटी माझे नाव पाहून मला संकोच वाटला. मी शाळेत सातवीपर्यंत गेलो. पंधराव्या वर्षी जिनमध्ये सरकी ओढायला लागलो. पुढचे जे काही थोडे शिक्षण झाले ते जळगावच्या व. वा. वाचनालयाच्या बाकावर आणि युनियनच्या खोलीत. तेव्हा माझ्या बोलण्यात विद्वत्ता शोधू नका. गेली तीस वर्षे हमाल, मापाडी, जिनमधले मजूर, डाळ मिलमधल्या बाया यांच्यात काढली, तिथे जे पाहिले तेच सांगणार आहे.

चालकांनी विषय विचारला, तेव्हा मी म्हटले, ‘तुरुंगातून सुटलेला माणूस.’ ते जरा थबकले. म्हणाले, ‘आपण कामगारांच्या प्रश्नावर बोलाल असे वाटले होते.’ मी म्हटले, ‘तोच तर प्रश्न आहे.’ हा प्रश्न कामगारांचा कसा, एवढेच आज मला आपल्यापुढे मांडायचे आहे.

तुरुंग म्हटला की आपण नाक मुरडतो. पण खानदेशच्या माणसाने तरी तसे करू नये. आपल्या धुळ्याच्याच तुरुंगात १९३२ साली, २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, दर रविवारी विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि अमळनेरच्या मुलांना शिकविणाऱ्या साने गुरुजींनी ती उतरून घेतली. आज देशातल्या अनेक भाषांत वाचला जाणारा तो ग्रंथ आपल्या गावच्या भिंतीआड जन्मला. ते राजकीय कैदी होते, त्यांची गोष्ट निराळी, हे मला मान्य आहे. परंतु भिंतीआड माणसाचे मन मरतेच असे नाही, एवढे तरी त्यावरून आपण शिकावे.

आता ज्या तुरुंगाला भिंतच नाही, त्याच्याकडे येतो.

खुला तुरुंग ही कल्पना आपल्याकडे विलायतेतून आली, असे पुष्कळांना वाटते. स्वित्झर्लंडमध्ये विट्झविल येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कैद्यांनी दलदलीची जमीन लागवडीखाली आणली, हे खरे आहे. १९५५ साली जिनीव्हाला संयुक्त राष्ट्रांची परिषद भरली आणि तिने अशा तुरुंगांची शिफारस केली, हेही खरे. परंतु त्याच्या सोळा वर्षे आधी, १९३९ साली, आपल्या महाराष्ट्रात औंधच्या छोट्या संस्थानाने हा प्रयोग करून दाखविला होता. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी, त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि भारतात येऊन राहिलेले मॉरिस फ्रीडमन नावाचे पोलंडचे एक इंजिनिअर, ज्यांना लोक भारतानंद म्हणत, यांनी आटपाडीच्या माळावर कैद्यांची वसाहत वसविली. तिचे नाव ठेवले स्वतंत्रपूर. नाव ऐकूनच मला त्या लोकांचे कौतुक वाटते. देश अजून पारतंत्र्यात होता, आणि त्यांनी कैद्यांच्या वस्तीला स्वतंत्रपूर म्हटले! कैद्याने शेती करावी, झोपडीत राहावे, बायकापोरांना जवळ आणावे, आणि रात्री पळून जाऊ नये ते पहाऱ्याच्या भीतीने नव्हे, तर दिलेल्या शब्दासाठी. आटपाडी म्हणजे दुष्काळी मुलूख. तिथे भल्या शेतकऱ्याला पीक काढणे कठीण, तिथे या माणसांनी मळे फुलविले. संस्थान १९४८ साली विलीन झाले; वसाहत मात्र टिकली. ती पुढे राज्याच्या तुरुंगखात्याकडे आली.

याच हकिकतीवर आटपाडीशेजारच्या माडगुळ्याच्या गदिमांनी कथा लिहिली आणि १९५७ साली व्ही. शांतारामांनी ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. माझ्या वडिलांच्या पिढीने तो तंबूत पाहिला, मी दूरदर्शनवर पाहिला. सहा खुनी माणसे आणि एक जेलर. लोक त्यातल्या प्रार्थनेची आठवण काढतात. मला मात्र त्यातला बाजार आठवतो. ते कैदी भाजी पिकवितात, बाजारात नेऊन रास्त भावाने विकतात आणि त्यामुळे ज्या व्यापाऱ्याचा धंदा बसतो तो त्यांच्यावर गुंड घालतो. म्हणजे पाहा, त्या माणसांना माळावरच्या दगडांनी हरविले नाही, आपसातल्या भांडणांनी हरविले नाही. त्यांच्यावर घाला आला तो बाजारात, तुम्हीआम्ही जिथे राहतो तिथे. ती पडद्यावरची गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. मी पंचवीस-तीस वर्षे बाजारात काढली आहेत आणि मला ती शंभर टक्के खरी वाटते.

पुढे १९५२ च्या सुमारास उत्तर प्रदेशात संपूर्णानंदांनी कैद्यांची शिबिरे काढली. चंद्रप्रभा नदीवरच्या धरणाचे काम कैद्यांनी केले. राजस्थानात जयपूरजवळ सांगानेरला १९६३ साली शिबिर निघाले. तिथे कैदी कुटुंबासह राहतो, दिवसा गावात जाऊन मोलमजुरी करतो आणि संध्याकाळच्या हजेरीला परततो. आपल्याकडे येरवड्याला खुला तुरुंग निघाला. गोदावरीकाठी पैठणला, जायकवाडीचे धरण बांधले जात होते त्या काळात, १९६८ साली निघाला. श्रीगोंदे तालुक्यात विसापूरला आहे, वऱ्हाडात मोर्शीला आहे.

तिथे जातो कोण? कोणालाही उचलून तिथे नेत नाहीत. सराईत गुन्हेगार, एकदा पळून गेलेला, ज्याच्यापासून धोका आहे असा, यांना घेत नाहीत. लांब शिक्षेची काही वर्षे बंद तुरुंगात नीट काढलेली माणसेच निवडतात. त्यांतले पुष्कळसे जन्मठेपेचे असतात. आणि जन्मठेपेचा माणूस म्हणजे कोण, हे खेड्यात राहणाऱ्याला सांगायला नको. बांधाच्या दोन हातांवरून, विहिरीच्या पाळीवरून, भाऊबंदकीतून, दारूच्या घोटातून एका संध्याकाळी कुऱ्हाड चालते, आणि दोन घरे बसतात. खुनाच्या जन्मठेपेत निदान चौदा वर्षे प्रत्यक्ष भोगावी लागतात, असा कायदा १९७८ पासून आहे. पंचविशीत गेलेला माणूस चाळिशी गाठून बाहेर येतो. खुल्या तुरुंगात तो शेतात राबतो, त्याला मजुरी मिळते, शिक्षेत जादा माफी मिळते. सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे त्याच्यावर कोणीतरी विश्वास टाकतो. वर्षानुवर्षे ज्याच्या मागे कुलूप लागले, त्याच्या हातात एके दिवशी विळा देतात आणि म्हणतात, जा, त्या टोकाच्या वाफ्याला पाणी दे.

विश्वासाने माणूस बदलतो, हे खानदेशला नवे नाही. १८१८ साली इंग्रजांनी खानदेश घेतला, तेव्हा सातपुड्यातल्या आणि सातमाळ्यातल्या भिल्लांशी त्यांची वर्षानुवर्षे झटापट चालली. फौजा पाठविल्या, फाशी दिले, गावे जाळली. काही उपयोग झाला नाही. मग १८२५ साली धोरण बदलले. जमिनी, बैल, बियाणे देऊन लोकांना वसविले, आणि जेम्स आऊट्रॅम नावाच्या तरुण अधिकाऱ्याने त्याच भिल्लांची पलटण उभी केली. तिचे ठाणे होते आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या धरणगावला. काल ज्यांना लुटारू म्हटले, त्यांनाच रस्त्यांची राखण दिली. मी इंग्रजांचे गोडवे गात नाही. त्यांनी हे आपल्या राज्याच्या सोयीसाठी केले. आणि ते भिल्ल मुळात गुन्हेगार नव्हते, त्यांचे डोंगरावरचे आणि घाटावरचे जुने हक्क बुडाले म्हणून ते उठले होते. याच इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून सबंध जमातींच्या कपाळावर गुन्हेगार असा शिक्का मारला. तो पुसायला १९५२ साल उजाडावे लागले, आणि पारधी समाजाला विचाराल तर तो अजून पुरता पुसलेला नाही. परंतु धरणगावच्या त्या हकिकतीतून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. माणसाला नुसते ‘चांगला वाग’ म्हणून भागत नाही. त्याला बसायला जागा, करायला काम आणि सांभाळायला जबाबदारी द्यावी लागते.

इथपर्यंत मी पुस्तकातले बोललो. आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो. ती सांगण्यासारखी नाही, म्हणूनच सांगतो.

वीसेक वर्षांपूर्वीची ही हकिकत. दसरा झाला होता, कापसाचा हंगाम तोंडावर होता. एका सकाळी युनियनच्या खोलीत एक माणूस आला. वय चाळिशीच्या पुढे, केस पिकलेले, पायात कोरी चप्पल. पिशवीतून त्याने घडी केलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला. तो सुटकेचा दाखला होता. माणूस धुळे जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. बांधाचे भांडण, चुलतभाऊ, कुऱ्हाड. बाकीचे तुम्हीच समजा. शेवटची तीन वर्षे त्याने पैठणला काढली होती.

मी चहा मागविला. तो पैठणच्या गोष्टी सांगू लागला. वांग्याचे वाफे, टोमॅटोची रोपे, संध्याकाळची हजेरी. एकदा बैल सुटून गेला, तेव्हा शिपायाने त्यालाच एकट्याला शोधायला पाठविले. तो कोसभर गेला, दिवस मावळता बैल घेऊन परतला आणि मग भाकरी खाल्ली. आपण त्या दिवशी पळून जाऊ शकलो असतो, असे तो म्हणाला नाही. ते त्याच्या ध्यानातसुद्धा आले नसावे. त्याला सांगायचे होते ते एवढेच, की बैल फार चांगला होता.

मग तो अहिराणीत म्हणाला, ‘भाऊ, मन्हं नाव लिखी ल्या.’ माझे नाव लिहून घ्या.

हमालाच्या धंद्यात नाव लिहून घेणे म्हणजे काय, ते सांगायला हवे. आमच्याकडे माणूस एकटा काम करीत नाही, टोळी करते. दिवसाची हमाली टोळीत सारखी वाटली जाते. वरची थप्पी लावणारा खाली पाठ देणाऱ्यावर विसंबून असतो. एकाचा पाय घसरला तर दुसऱ्याची मान मोडते. तेव्हा टोळीने माणूस घेतला तर घेतला. १९६९ साली आपल्या राज्यात माथाडी कायदा झाला, मंडळे झाली, नोंदणी आली. तरीही टोळीचा होकार हीच खरी नोंदणी.

मी टोळीला विचारले. एक म्हणाला, ‘खुनी माणूस आमच्या डब्याशेजारी बसणार काय?’ मुकादम म्हणाला, ‘भाऊ, इथे बायाबापड्या कामाला असतात. उद्या काही झाले तर?’ तिसरा म्हणाला, ‘माझा भाचा वर्षभर बसून आहे, त्याला आधी घ्या.’ यांतले एकही बोलणे उगीचचे नव्हते. त्या वेळी माझे काम होते समोर उभे राहून बोलण्याचे. पण युनियनची निवडणूक महिन्यावर आली होती. मी त्या माणसाला सांगितले, ‘हंगाम सुरू होऊ दे, मग पाहू.’

तो पुन्हा आला. मी म्हटले, ‘पाहू.’ तिसऱ्यांदा आला, तेव्हा मी पोराकडून सांगविले की भाऊ बाहेरगावी गेले आहेत. मी आतल्या खोलीत होतो. पातळ फळीच्या पलीकडे त्याने विचारलेले मला ऐकू येत होते, ‘कधी येतील?’

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. एका सावकाराने त्याला वसुलीला ठेवला. त्याच्याजवळ ना आमच्यासारखा संकोच, ना निवडणूक. ज्या नावाची आम्हाला भीती वाटली, त्याच नावाची त्याने किंमत दिली. दारात हा माणूस नुसता उभा राहिला तरी कर्जदार पैसे काढी. वर्षभरात एके ठिकाणी हाणामारी झाली आणि तो पुन्हा आत गेला. या वेळी बंद तुरुंगात. मी त्याला कोर्टाच्या आवारात पाहिले. त्याने बेड्यांच्या हातांनी मला नमस्कार केला. एका शब्दानेही बोल लावला नाही. त्याने बोल लावला असता तर बरे झाले असते.

मंडळी, त्या दिवसापासून माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली आणि आज मी ती आपल्यापुढे ठेवतो आहे. गुन्हा तुरुंगात सुटत नाही. खुल्या तुरुंगातही सुटत नाही. तिथे तो सोडण्याची तयारी होते. गुन्हा सुटतो तो बाहेर, पहिल्या पगाराच्या दिवशी, जेव्हा माणूस आपल्या घामाचे पैसे चारचौघांच्या ओळीत उभा राहून घेतो. तो दिवस त्याच्या आयुष्यात आला नाही, तर सरकारने पैठणला केलेला सगळा खर्च आणि त्या माणसाने स्वतःवर घेतलेली सगळी मेहनत पाण्यात जाते. सुटलेल्या माणसाला कोणी ना कोणी कामाला ठेवतोच. प्रश्न एवढाच, की आधी आपण ठेवतो की सावकार, दारूवाला आणि वाळूवाला.

आपल्या पुराणात वाल्याचा वाल्मीकी झाला, ही कथा आपण मुलांना मोठ्या कौतुकाने सांगतो. पण त्या कथेत एक सोय आहे, ती कधी आपल्या ध्यानात आली का? वाल्या वारुळात बसतो. तो गावात येऊन कोणाकडे काम मागत नाही, भाड्याने खोली मागत नाही, पोराला शाळेत घालीत नाही. वारुळातल्या वाल्याला नमस्कार करणे सोपे आहे. गल्लीत राहायला आलेल्या वाल्याचे काय करायचे, ते ज्याचे त्याने ठरवायचे आहे.

माझ्या टोळीने घेतलेले आक्षेप आपल्यापैकी कित्येकांच्या मनात आता उठले असतील. त्यांना उत्तर दिले पाहिजे.

पहिला आक्षेप असा, की प्रामाणिक पोरे बेकार आहेत, मग गुन्हेगाराला काम का? खानदेशात या प्रश्नाला धार आहे. आपल्याकडच्या कापडगिरण्यांची कशी वाताहत झाली, ते या सभागृहातल्या पांढऱ्या केसांना सांगायला नको. कारखान्यात आता कायमचे काम मिळत नाही, ठेकेदाराची माणसे भरतात, आणि गेटवर पोलिसांचा चारित्र्याचा दाखला मागतात. माझे उत्तर असे आहे: सुटलेल्या माणसाला रांगेत पुढे उभे करा, असे मी म्हणत नाही. त्याला रांगेतून हाकलू नका, एवढेच म्हणतो. बेकार पोराच्या तोंडचा घास तो काढीत नाही. तो घास काढतो तो कमी मजुरीवर माणसे राबविणारा. आणि युनियनवाल्यांनो, हे ध्यानात ठेवा: ज्याला तुम्ही पुढच्या दाराने येऊ दिले नाही, तो संपाच्या दिवशी अर्ध्या मजुरीवर मागच्या दाराने आत येतो. त्याला दुसरा मार्ग तुम्हीच ठेवलेला नसतो. तेव्हा त्याला आपल्या ओळीत घेणे यात दया थोडी आहे, शहाणपण अधिक आहे.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. ज्याच्या घरचा माणूस गेला, त्याचे काय? या आक्षेपापुढे मी मान खाली घालतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली कैद्यांना रास्त मजुरी द्यावी असा निर्णय दिला, तेव्हा त्या मजुरीतला काही भाग ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्या भरपाईसाठी काढावा, असेही सांगितले. हा विचार मला फार मोलाचा वाटतो. सुटलेल्याचा कैवार घेताना गेलेल्याला विसरणारा माणूस अर्धाच न्याय मागतो. पण मला सांगा, सुटलेला माणूस भुकेने पुन्हा कोणाच्या दारात कुऱ्हाड घेऊन उभा राहिला, तर त्या पहिल्या घराला काय मिळाले? दोनाची तीन घरे बसली, एवढेच.

तिसरा आक्षेप भीतीचा. भीतीला वाद घालून उत्तर देता येत नाही, व्यवस्थेने द्यावे लागते. ती व्यवस्था आम्ही पुढे कशी लावली, ते सांगतो.

पहिल्या माणसाच्या गोष्टीला सहा-सात वर्षे झाली होती. दुसरा एक जण आला, विसापूरहून सुटलेला, दुसऱ्या तालुक्यातला. या वेळी मी आतल्या खोलीत गेलो नाही. टोळीसमोर उभा राहिलो आणि आधी पहिल्या माणसाची सगळी हकिकत सांगितली, फळीच्या पलीकडच्या आवाजासकट. मग म्हटले, ‘याला घ्यायचा नसेल तर आज तुम्ही त्याच्या तोंडावर सांगा. मी सांगणार नाही.’ कोणी बोलेना. शेवटी डाळ मिलमध्ये निवडायला बसणारी एक म्हातारी म्हणाली, ‘माझा नवरा रोज पिऊन मला मारायचा, तो कधी तुरुंगात गेला नाही. त्याच्याशेजारी मी तीस वर्षे जेवले. याच्याशेजारी जेवायला काय होते?’ लोक हसले, आणि त्या हसण्यात गाठ सुटली.

आम्ही चार गोष्टी ठरविल्या. टोळीतल्या चार जणांनी त्याचे जामीन राहावे, म्हणजे काही झाले तर उत्तर त्यांनी द्यावे. मजुरी पहिल्या दिवसापासून सर्वांइतकीच, एक पैसा कमी नाही. त्याला त्याचा गुन्हा कोणी विचारायचा नाही. त्याला वाटले तर तो सांगेल. आणि त्याचे कागद पहिल्या आठवड्यात करून द्यायचे: आधार, बँकेचे खाते, रेशनकार्डावरचे नाव. कारण बारा-चौदा वर्षे आत काढलेल्या माणसाला जगाने कागदावरून पुसून टाकलेले असते. खोली भाड्याने मिळेना, तेव्हा दोन महिने तो युनियनच्याच खोलीत निजला.

सगळे सुरळीत झाले, असे सांगून मी आपल्याला फसविणार नाही. पहिल्याच महिन्यात, पगाराच्या रात्री, तो प्यायला आणि दोन दिवस कामावर आला नाही. टोळीत कुरकुर झाली, ‘सांगत नव्हतो?’ असे म्हणणारे पुढे आले. पूर्वी डब्याचा आक्षेप घेणारा माणूसच तिसऱ्या सकाळी उठून त्याच्याकडे गेला आणि त्याला उठवून घेऊन आला. त्याला मी नंतर विचारले, तू का गेलास? तो म्हणाला, ‘मी जामीन आहे ना.’ या चार शब्दांत मला जे दिसले, ते कुठल्याही पुस्तकात दिसले नव्हते. आपण माणसावर जबाबदारी टाकतो, तेव्हा ती टाकणाराही तिच्यात गुंततो. पैठणचा शिपाई बैलामागे माणूस धाडतो, तेव्हा तोही आपली नोकरी पणाला लावीत असतोच.

चारेक वर्षांनी या माणसाने थोडे पैसे साठविले आणि ज्याला त्याने मारले त्याच्या म्हाताऱ्या आईकडे गावच्या एका वडीलधाऱ्या माणसाच्या हाती पाठविले. म्हातारीने ते परत पाठविले. त्याने मला येऊन सांगितले. मी काय बोलणार? मी म्हटले, ‘तिचा तो हक्क आहे, दादा.’ तो म्हणाला, ‘होय.’ आणि कामाला निघून गेला. तो आजही कामावर आहे. त्याचे नाव मी सांगणार नाही. टोळीच्या वहीत ते आहे, तेवढे पुरे.

आता शेवटचे, करण्याजोगे.

सरकारने काहीच केले नाही असे नाही. परिविक्षा अधिकारी जिल्ह्याला आहेत, सुटलेल्यांसाठी अर्थसाहाय्याची योजना आहे. २०२२ साली महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने येरवड्यात ‘जिव्हाळा’ नावाची योजना काढली आणि कैद्याला पन्नास हजारांपर्यंत कर्ज देऊ केले. घरच्यांची निकड भागावी आणि फेड त्याच्या मजुरीतून व्हावी. एखादी बँक कैद्याची पत धरते, ही मला लहान गोष्ट वाटत नाही. बँकेला जे जमले ते बाजारपेठेला का जमू नये?

माझे मागणे थोडे आहे. सुटकेच्या सहा महिने आधी, माणूस खुल्या तुरुंगात असतानाच, त्याच्या जिल्ह्यातल्या कोणीतरी त्याला जाऊन भेटावे. तो दाराबाहेर पडेल त्या दिवशी कुठे जाणार आणि कोणते काम करणार, हे आधी ठरावे. त्याला जे येते त्याचा उपयोग करावा. पैठणला भाजी पिकविणाऱ्याला आपल्याकडे काम नाही असे होईल काय? रावेर-यावलला केळी आहे, धुळ्याकडे मिरची-कांदा आहे, रोपवाटिका आहेत, ठिबकच्या नळ्या टाकायला माणूस मिळत नाही म्हणून बागायतदार ओरडत असतात. ज्या गावात जखम ओली आहे त्या गावात त्याला परत धाडू नये; शेजारच्या तालुक्यात जागा पाहावी. आणि जळगाव नि धुळे या दोन जिल्ह्यांतल्या प्रत्येक युनियनने, प्रत्येक बाजार समितीने, प्रत्येक व्यापारी मंडळाने वर्षाला एक माणूस घ्यावा. फक्त एक. चार जामीन, सारखी मजुरी आणि गुन्ह्याची चौकशी नाही. यापेक्षा अधिक मी मागत नाही.

स्वतंत्रपूर उभे करणारे राजे होते. त्यांच्याजवळ माळ होता. आपल्याजवळ माळ नाही, पण टोळी आहे, दुकान आहे, शेत आहे, भाड्याची खोली आहे. त्यांनी तुरुंगाचे कुलूप काढले, त्याला आता ऐंशी वर्षांहून अधिक काळ लोटला. गावाचे कुलूप मात्र कुठल्याही राजाला किंवा सरकारला काढता येणार नाही, कारण त्याची किल्ली तुमच्याआमच्या कनवटीला आहे.

मी त्या दिवशी फळीआड बसलो होतो. आपल्यावर तशी वेळ आली, तर आपण बाहेर या, एवढी विनंती करतो.